अकरावा दात

१

दोन्ही गाड्या एकाच गेटमधून निघाल्या आणि एकाच रस्त्यानं दुधनीच्या जेटीपर्यंत गेल्या. एक नंबरच्या मीटरवर जातानाचे चव्वेचाळीस किलोमीटर पडले, दोन नंबरच्या मीटरवर चाळीस. मधले चार किलोमीटर गेले कुठं, या प्रश्नाचं एकच उत्तर आमच्या कारखान्यात सगळ्यांना पटलं. ड्रायव्हरनं खाल्ले.

मी राजेंद्र शेवडे, सिल्वासाजवळ खडोलीत असलेल्या या कारखान्याचा मॅनेजर. आम्ही पिकअप गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवतो, म्हणजे ड्रायव्हरनं क्लचला पाय लावायचा नाही, गिअर आपले आपण बदलतात. त्या दिवशी दोन गिअरबॉक्सची तुलना होती. एक नंबरच्या गाडीत आमचा जुना सहा गिअरचा, दोन नंबरमध्ये नवा आठ गिअरचा. बाकी गाड्या सारख्या, मागे वाळूची पोती सारखी, घाटही तोच. नव्यानं जुन्याला सहज मागे टाकायचं होतं. झालं उलटंच. नवा असा तापून आला की तेलाला जळका वास सुटला होता.

जुन्या गिअरबॉक्सचा इंजिनिअर वरुण, मुंबईचा, हुशार आणि बोलायला गोड. त्यानं तिथल्या तिथं उलगडा करून दिला. दुधनीच्या आधीचा शेवटचा चढ साधारण चार किलोमीटरचाच आहे. समाधान त्या चढाच्या पायथ्याशी थांबला, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपला, तेल तापलं, आणि माघारी आला. पुढे फोनला रेंज नसतेच, कोण विचारणार?

समाधान बोरसे हा दोन नंबरचा ड्रायव्हर. मूळचा धुळ्याकडचा, नरोलीत भाड्याच्या खोलीत बायको सोनी आणि मुलगी गुड्डी यांच्याबरोबर राहणारा. "साहेब, मी दुधनीला गेलो होतो. कानबाईची आण," एवढंच तो म्हणत राहिला. मी ऐकलं नाही. पाळी सुटताना, भर गेटवर, शे-दोनशे माणसांच्या देखत मी त्याला घरी पाठवलं. एकाला धरलं की बाकीचे सरळ चालतात, असं माझं मत होतं. मला माझी मतं फार आवडतात.

चाचणीत खोटेपणा करणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती आमच्या पट्ट्यातला कुठलाच कारखाना पुन्हा स्टिअरिंग देत नाही. पुण्याहून गिऱ्हाईक यायचं होतं, त्याआधी समाधानच्या बडतर्फीवर माझी सही व्हायची होती. तेवढ्यात कंपनीनं लीला वर्तकांना पाठवलं.

२

लीलाताईंचं सगळं आयुष्य गाड्यांच्या चाचण्यांत गेलं. आता निवृत्त होऊन डहाणूला चिकूची बाग बघतात. गिअरबॉक्स का तापला एवढंच त्यांनी बघायचं होतं, समाधानशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी चिकूची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चालवत कोण होतं?"

"त्याला घरी बसवलाय."

"मग गाडी कशी चालली ते मी तेलाला विचारू का, शेवडे?"

समाधानला बोलावणं गेलं. तो आला तो सोनीला घेऊनच. ती आत यायला तयार नव्हती, गेटच्या बाहेरच उभी राहिली. समाधान दाढी वाढलेला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"घाटात गाडी कशी होती?" लीलाताईंनी विचारलं.

"बेचैन होती, ताई. एक गिअर टाकायची, लगेच काढायची. परत टाकायची. आधी नव्हती तशी. दसऱ्याच्या आधी मी तिला याच घाटात नेली होती, तेव्हा मस्त चढली."

"दसऱ्यानंतर काय झालं तिला?"

"मागच्या एक्सलमध्ये आवाज येत होता, तो उघडला होता. झुंबरभाऊनं नवं सामान टाकलं."

झुंबर आमचा सगळ्यात जुना फिटर, आणि सोनीचा सख्खा भाऊ. समाधानला इथं चिकटवलं तेही त्यानंच.

"चहा कुठं घेतलास?"

"खानवेलला. आम्ही दोन्ही ड्रायव्हर तिथंच घेतो. मीटरचा फोटो पण तिथूनच टाकायचा असतो ना ग्रुपवर."

लीलाताईंनी माझा फोन मागितला आणि ग्रुप वर वर सरकवत गेल्या. दोन फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि फोन माझ्यासमोर धरला. खानवेलच्या त्याच टपरीजवळ एक नंबरचं मीटर बावीस दाखवत होतं, दोन नंबरचं वीस.

"वरुण म्हणतो की हा शेवटचा चढ चढलाच नाही," त्या म्हणाल्या. "मग खानवेललाच दोन किलोमीटर कमी कसे? तिथवर तर रस्ता सरळ आहे. तिथं झोपला असता तर मीटर थांबलं असतं, पण गाडीही टपरीपर्यंत पोचली नसती."

फोटो माझ्याच फोनमध्ये होते. मी ते त्याच दिवशी पाहिले होते आणि अंगठाही दाखवला होता.

३

शर्वरी ही नव्या गिअरबॉक्सची इंजिनिअर, पुण्याची. मुलगी इतकी खचली होती की चिकूसुद्धा हातात धरून बसली, खाल्ला नाही.

"तुझ्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर काय?" लीलाताईंनी विचारलं.

"चार पूर्णांक सात. इंजिनाचे चार पूर्णांक सात फेरे होतात तेव्हा मागे जाणारा दांडा एकदा फिरतो. वरुणच्या जुन्याचं चार पूर्णांक दोन आहे. गुणोत्तर जितकं मोठं तितका चढावर जोर जास्त. माझाच जिंकायला हवा होता. कागदावर तरी जिंकतो."

"आणि दांड्यापासून चाकापर्यंत?"

"ते दोन्ही गाड्यांत सारखं. मागच्या एक्सलमध्ये एकेचाळीस दातांचं मोठं चक्र आणि त्याला फिरवणारं दहा दातांचं छोटं, म्हणजे पिनियन; दोन्ही मिळून एक सेट. दांडा चार पूर्णांक एक वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. कुठल्या वेगाला कुठला गिअर, हे सगळं मी तेच धरून बसवलंय."

"मीटर कमी आलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"मी विचारणारच होते की मीटर तपासलं का. पण वरुण लगेच म्हणाला की ड्रायव्हर झोपला असणार. मग सगळे तेच बोलायला लागले."

यानंतर वरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. लीलाताईंनी त्याला गाडीजवळच गाठलं. त्या दोन नंबरखाली वाकून बघत होत्या. मागच्या एक्सलच्या एका बोल्टच्या खाचेत लालसर काहीतरी बसलं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालच असतं, त्यामुळे मी म्हणालो, "गळतंय वाटतं." त्यांनी बोटानं ते टिपलं, वास घेतला आणि बोट रुमालाला पुसलं.

"हा एक्सल उघडावा म्हणते," त्या वरुणला म्हणाल्या.

"एक्सल कशाला, मॅडम? बिघाड गिअरबॉक्समध्ये आहे. एक्सलमध्ये तर खंडेनवमीच्या पूजेतला कोरा सेट आहे, आत्ताच बसवलाय. तो उघडण्यात दिवस जाईल आणि उद्या गिऱ्हाईक येतंय. शेवडेसाहेब, तुम्हीच सांगा."

मला त्याचं म्हणणं पटलं. मला वरुणचं म्हणणं नेहमीच पटायचं. तो नास्तिक म्हणवणारा, पण यंदा आमच्या शॉपमधल्या पूजेलाही हजर राहिला होता. माणूस बदलतोय म्हणून मी त्याच्या पाठीवर थापही मारली होती.

"बरं, तूर्त नको," लीलाताई म्हणाल्या. "समाधान, गाडी काढ. जरा फिरून येऊ."

वरुणचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

४

गाडीत आम्ही तिघं. समाधान चालवत होता, लीलाताई त्याच्या शेजारी, मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. खानवेलच्या रस्त्याला लागल्यावर एका किलोमीटरच्या दगडापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि मीटरवरचा प्रवासाचा आकडा शून्यावर आणला.

"आता सरळ जायचं. शेवडे, दगड तुम्ही मोजा. मीटर मी बघते."

वर्क्स मॅनेजरला दगड मोजायला लावणारी बाई मी प्रथमच पाहत होतो. दुतर्फा साग, मधूनच एखादा कारखाना, भाताच्या खाचरांत कापणी चाललेली. समाधान जपून चालवत होता. परीक्षा गाडीची होती, पण घाम त्याला फुटला होता.

पहिल्या दगडाला मीटरवर एक पुरा झालेला नव्हता. मला वाटलं, दगड चुकीच्या जागी रोवला असेल, सरकारी काम. पाचव्या दगडाला मीटर साडेचारच्या आसपास होतं. मग मात्र मी सरसावून बसलो आणि मोठ्यानं मोजायला लागलो.

"नऊ!" मी म्हणालो. "दहा!" आणि थोड्या वेळानं, "अकरा!"

"थांब," लीलाताई समाधानला म्हणाल्या.

गाडी अकराव्या दगडाला लागून उभी राहिली. मीटरवर बरोबर दहा होते.

समाधाननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, त्यावर कपाळ टेकवलं आणि तो रडायला लागला. चार दिवस एका सरळ माणसाला आपण चोर म्हणत होतो, आणि कुठलाही दगड हे सांगू शकला असता, याची मला अतोनात लाज वाटली.

"हा तर सुटला," मी म्हणालो. "मीटर बिघडलंय."

"मीटर ठीक आहे, शेवडे. परत चला. एक्सल उघडायचाय. आणि आत काय निघणार ते मी आत्ताच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पिनियनला अकरा दात असतील."

५

शॉपमध्ये गाडी वर चढवली. झुंबर पाने घेऊन आला. शर्वरी होती, वरुणही आला. तो हाताची घडी घालून खांबाला टेकून उभा राहिला.

झुंबर बोल्ट सोडवत असताना लीलाताईंनी मला समजावलं. "मीटरला चाक दिसत नाही. ते गिअरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतं आणि त्यावरून किलोमीटर मांडतं. दहा दातांचं पिनियन आहे असं त्याला सांगून ठेवलंय. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, मीटर या सगळ्यांचं एकमेकांत जुळतंय, फक्त रस्त्याशी जुळत नाही. म्हणजे गडबड दांड्याच्या पलीकडे. पलीकडे दोनच गोष्टी आहेत, टायर आणि एक्सल. टायर मी येताच पाहिले, दोन्ही गाड्यांचे सारखे."

"आणि अकरा कसे?"

"दांड्याचे फेरे तेवढेच असताना गाडी दहाऐवजी अकरा किलोमीटर जाते. पिनियन एका फेऱ्यात जितके दात ढकलेल तितकं चाक फिरतं, म्हणून दहा दातांच्या जागी अकरा असले तरच असं होतं. दुधनीला चाळीसचे चव्वेचाळीस, खानवेलला वीसचे बावीस. सगळीकडे तेच प्रमाण. माणूस झोपला तर इतकं हिशेबात झोपत नाही."

"म्हणून माझा गिअरबॉक्स तापला!" शर्वरी एकदम पुढे आली. "एक दात वाढला की चढावरचा जोर कमी. माझं चार पूर्णांक सात होतं, पण चाकाशी पोचेपर्यंत त्याचा फायदा जवळजवळ संपलाच. वरुणच्या जुन्याच्याच पंगतीला जाऊन बसलं. शिवाय गिअर बदलायच्या वेळा चुकल्या, म्हणून तो सारखा गिअर टाकत-काढत राहिला."

"तेच समाधान म्हणाला होता. बेचैन होती म्हणून."

झुंबरनं पिनियन बाहेर काढून पुसलं आणि बाकावर ठेवलं. शर्वरीनं एका दातावर खडूची खूण केली आणि मोजायला लागली. आम्ही सगळे तिच्या बोटाकडे बघत होतो. नऊ झाले, दहा झाले, आणि खुणेच्या आधी अजून एक दात उरला होता.

झुंबरच्या हातातलं फडकं खाली पडलं. "मीच बसाडं ते, दाजी," तो समाधानकडे बघत म्हणाला. "मीच."

६

माझं डोकं फिरलं. चार दिवसांत दुसरा माणूस गेटबाहेर काढायला मी निघालोच होतो. लीलाताईंनी माझ्या दंडाला धरून मला स्टुलावर बसवलं. "तुम्ही चिकू खा," त्या म्हणाल्या. मी खाल्ला.

"झुंबर, हे कुठून घेतलंस?"

"पाटावरून, ताई." त्यानं पडलेलं फडकं उचललं. "आमच्यात पूजेतलं लोखंड रिकामं परत फडताळात नाही ठेवत. खंडेनवमीला जे सामान पाटावर बसतं ते दसऱ्यानंतर पहिल्या गाडीत टाकायचं. मी इथं आलो तेव्हापासून हीच रीत आहे. दोन नंबरचा एक्सल उघडाच होता. स्टोअरनं दिलेला सेट मी तसाच ठेवून दिला आणि हा टाकला. दिसायला एकसारखे, ताई. कोणी दात मोजतं का?"

कपाटातून त्यानं स्टोअरचा सेट आणून दाखवला. वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"बोल्टावर लाल होतं ते तेल नव्हतं, शेवडे. कुंकू होतं," लीलाताई मला म्हणाल्या. "तुपात कालवलेलं, पूजेच्या सामानावरून बसवणाऱ्याच्या हाताला आणि तिथून बोल्टाला लागलेलं. पूजेचा सेट आत गेलाय हे मला तिथंच कळलं. तो पाटावर कोणी ठेवला, एवढंच राहिलं होतं. झुंबर?"

झुंबरनं वरुणकडे पाहिलं. "दरवर्षी मी स्टोअरमधून आणतो. यंदा वरुणसाहेब स्वतः घेऊन आले. म्हणाले, हा चकचकीत आहे, हाच ठेवा. मला बरं वाटलं. साहेब लोक पूजेला हात लावत नाहीत."

"बरोबर आहे," वरुण शांतपणे म्हणाला. "हायवेवर पळणाऱ्या एका जुन्या मॉडेलचं सँपल माझ्या कपाटात पडून होतं. पूजेला दिलं. बसवा असं मी कधी म्हणालो? पाटावरचं सामान हे लोक गाडीत टाकतात, हे मला माहीत असायचं कारणच काय? एरवी मी पूजेला येतच नाही."

मला ते पटायला लागलं होतं, ही माझी खोड. लीलाताई मात्र हसल्या, तेही वाईट वाटल्यासारखं.

"सकाळी मी एक्सल उघडते म्हणाले तेव्हा तू काय म्हणालास? 'एक्सलमध्ये तर खंडेनवमीच्या पूजेतला कोरा सेट आहे.' शेवडे शेजारीच होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते तर मॅनेजर. शर्वरीला ठाऊक नव्हतं. सेट पाटावरून उचलून गाडीत गेला हे ठाऊक होतं बसवणाऱ्या झुंबरला, आणि ज्यानं तो तिथं जावा म्हणूनच पाटावर ठेवला त्याला. कोरा तर तू म्हणूच शकत नव्हतास. तुझ्याच कपाटातलं जुनं सँपल होतं ते."

वरुणची हाताची घडी सुटली.

"तू घाटाचा विचार केलास, मीटरचा करायचा राहिला. आकडा कमी आला आणि तू घाबरलास. शर्वरी मीटर तपासायला निघाली असती तर एक्सलही उघडला गेला असता. म्हणून तिनं विचारायच्या आत तू एक माणूस पुढे केलास. इंजिनिअरला दोन मीटरांत फरक दिसला तर तो आधी मीटरवर संशय घेतो, बाळा. तू थेट माणसावर घेतलास."

वरुणनं बाकावरचं पिनियन उचलून पुन्हा खाली ठेवलं. "माझा गिअरबॉक्स वाईट नव्हता," तो शेवटी म्हणाला. "नवा पास झाला असता तर माझी लाइन बंद होणार होती. मला फक्त एक चाचणी हवी होती. ड्रायव्हरचं... ते मी ठरवलं नव्हतं."

"ठरवलं नव्हतंस," समाधान पहिल्यांदाच बोलला. त्याला वरुणशी एकेरीत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पण केलंस ना."

७

वरुणचा राजीनामा त्याच दुपारी आला. शर्वरीनं दहा दातांचा सेट बसवून घेतला. बसवताना तिनं दात मोजले, झुंबरनंही मोजले. झुंबर समाधानसमोर मान वर करत नव्हता. "तुले काय माहीत व्हतं?" म्हणत समाधाननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं तो माणसात आला.

लीलाताई डहाणूला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "शेवडे, तुमचा अंगठा फार चपळ आहे. आधी फोटो बघत जा."

मी समाधानला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. झालं ते वाईट झालं, म्हणालो. उद्या गिऱ्हाइकासमोर चाचणी पुन्हा घ्यायची आहे आणि दोन नंबर तूच चालवायचीस, असंही म्हणालो. दार मी लोटून घेतलं होतं.

त्यानं चहाला हात लावला नाही. "चालवतो, साहेब. पण तुम्ही मला इथं खोलीत नव्हतं काढलं."

एवढं बोलून तो गेला. मी बराच वेळ चहावरची साय बघत बसलो. मग पाळी सुटायचा भोंगा झाला.

मी गेटवर गेलो. माणसं सायकली काढत होती, डबे सावरत होती. मी वॉचमनच्या ओट्यावर चढलो. साहेब ओट्यावर चढलेला पाहून सगळे थांबले. समाधान एका बाजूला उभा होता, गेटच्या पलीकडे सोनी.

"समाधान बोरसे दुधनीला गेला होता," मी म्हणालो. "जेटीपर्यंत गेला होता. तो खरं बोलत होता. चूक माझी झाली."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल. मी उतरायला पाय खाली टाकला.

"साहेब," सोनी गेटबाहेरून म्हणाली, "मागच्यांना ऐकू नाही आलं."

मी पाय वर घेतला आणि मागच्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.